जुनी गाडी महाग पडते ती या चुकांमुळे

सांगली-मिरज परिसरात दहा-बारा वर्षे जुनी गाडी घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती किलोमीटर झाली?’ हा, आणि आकडा 40,000 च्या आत असला की त्याचा अर्धा निर्णय तेथेच झालेला असतो. मी 2021 च्या मार्चमध्ये 2011 सालची छोटी पेट्रोल गाडी घेतली, तेव्हा माझेही असेच झाले. गाडी एका निवृत्त गृहस्थांची होती, मंडईपर्यंत आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघत असे, आणि मीटरवरचे 38,000 किलोमीटर खरे होते. सहा महिन्यांनी गणपतीसाठी रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बॉनेट उघडले, तर रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपजवळ चिरलेला होता, आणि हात लावताच त्याची कड शिळ्या भाकरीसारखी तुटून हातात आली.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, ही समजूत या चुकांच्या मुळाशी आहे. लोखंड वापराने झिजते. रबर मात्र गाडी उभी असली तरी वयाने आणि उष्णतेने कडक होत जाते. कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप, इंजिनाचे माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेकचे होज या रबरी भागांना किलोमीटरशी फारसे देणेघेणे नसते. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे पाहावेत: 2316 असे असेल, तर तो टायर 2016 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे, आणि त्याची नक्षी कितीही खोल दिसली तरी तो बदलण्याचे पैसे मनात धरूनच भाव ठरवावा. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी टायमिंग चेनऐवजी टायमिंग बेल्ट, म्हणजे रबरी पट्टा आहे, तेथे तर हयगय अजिबात परवडत नाही. कित्येक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांत होणारे काम इंजिन उघडण्यावर जाते. बेल्ट कधी बदलला याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे.

गाडी तापल्यावर माझ्या हातून दुसरी चूक होता होता राहिली. मागून आलेल्या एका ट्रकचालकाने रेडिएटरचे झाकण उघडू दिले नाही, आणि ते बरेच झाले, कारण दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उसळते. काटा वर जाऊ लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. अडचणीत साधे पाणी घालून गॅरेजपर्यंत जाणे गैर नाही. ते पाणी पुढे वर्षभर तसेच ठेवणे गैर आहे. आपल्याकडील बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, शिवाय कूलंटमध्ये असणारे गंजरोधक द्रव्य पाण्यात नसते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून तेही साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. घाट उतरताना पॅडल अचानक मऊ लागण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

पुराच्या पाण्यातून आलेली गाडी

सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्याने हे सर्वांत काळजीपूर्वक पाहावे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट मानली जाते आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते; 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. या दोन पुरांत बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, नवी सीट कव्हर चढवून त्यांतील काही पुन्हा बाजारात आल्या, आणि त्या कागदावर जितक्या जुन्या दिसतात त्याच्या दुप्पट जुन्या अंगाने झालेल्या आहेत.

अशी गाडी पॉलिशवरून ओळखता येत नाही. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. गुंडाळीच्या आतल्या भागापर्यंत धुणाऱ्याचा हात पोहोचत नाही, त्यामुळे तेथे मातकट पट्टा राहतो. सीटखालच्या सळ्यांवर गंज आहे का, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ आहे का आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट पूड धरली आहे का, हे टॉर्च घेऊन पाहावे. अशा गाडीचे दोष एकदम दिसत नाहीत. आज पॉवर विंडो अडकते, महिन्याने सेन्सर चुकीची माहिती देतो, पुढे भर पावसात गाडी मध्येच बंद पडते, आणि प्रत्येक वेळी मेकॅनिक वेगळा भाग बदलतो. स्वस्त मिळते म्हणूनसुद्धा ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा हिशेब कोठे चुकतो

ॲव्हरेजविषयी आपण नको इतके हळवे असतो. महिन्याला 600 किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल, तर 40 लिटर पेट्रोल लागते. 18 देत असेल, तर साधारण 33. लिटरला 105 रुपये धरले, तर हा फरक महिन्याला सुमारे 700 रुपयांचा आहे. एवढ्यासाठी साठ-सत्तर हजार जास्त मोजून जुनी डिझेल गाडी घेणारे लोक इंजेक्टर, टर्बो किंवा हाय प्रेशर पंप यांपैकी एक बिघडला तरी कित्येक वर्षांची बचत एका दुपारी गमावतात. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे आहे. ॲव्हरेज एकाएकी उतरले, तर पेट्रोल पंपाला दोष देण्यापूर्वी टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि जाम झालेला ब्रेक तपासावा. दहा मिनिटे गाडी चालवून एकाच चाकाची डिस्क इतरांपेक्षा जास्त गरम लागली, तर उत्तर मिळालेच.

इथेनॉलमुळे ॲव्हरेज उतरते आणि जुन्या गाड्यांना त्रास होतो, ही लोकांची तक्रार मात्र खरी आहे. आपल्याच भागातील उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असते. त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्याने ॲव्हरेज थोडे घटते. काही जुन्या गाड्यांत 20,000 ते 30,000 किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 मध्ये म्हटले आहे. इंजिनाजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला, तर तो अंगावर न काढता त्याच दिवशी इंधनाचे पाइप पाहून घ्यावेत.

कागदपत्रांत लोक वेळ काढतात आणि फसतात. पैसे देऊन किल्ली घेतली तरी आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच असतो. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विकणाऱ्यानेही एजंटच्या ‘होईल’वर विसंबू नये. विम्यावरील नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यास 14 दिवसांपेक्षा अधिक वेळ लावू नये. बाहेरून बसवलेले सीएनजी किट असेल, तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीच्या दर तीन वर्षांच्या चाचणीचा दाखला दोन्ही मागावेत.

पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली गाडी घेताना फेरनोंदणीचा खर्च भावातून वजा करण्याचे पुष्कळांना सुचत नाही. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले, पर्यावरण कर वेगळा, आणि तपासणीत नापास होऊ नये म्हणून आधी करावी लागणारी दुरुस्ती त्याहून वेगळी. माझ्या गाडीला 2026 मध्ये पंधरा वर्षे होतात. अर्ज मुदतीच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. तोवर हँडब्रेकची केबल, मागचा एक दिवा आणि सायलेन्सरचे गळके जोड एवढी कामे उरकायची आहेत. रेडिएटरचे पाइप आता नवे आहेत.