लीप वर्ष, एकोणतीस फेब्रुवारी अन धोंडा: हिशोब घरच्या घरी कसा लावायचा

माझा पहिला धोंडा, म्हणजे अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवतात तो, २००७ चा. लग्नाला तीनच महिने झालेले, मे महिना, जळगावात रस्त्यावर चिटपाखरू नाही एवढं ऊन, अन शिरपूरहून सासऱ्यांचा फोन, "पाव्हणा, धोंड्याना महिना शे, दोन्ही जण या." मी ऑफिसात शायनिंग मारत सांगितलं की हे आपलं लीप वर्ष असतं. शेजारच्या आप्पांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणे २००७ ला चारने भाग जातो का रे भो? नाही जात. तेव्हापासून दोन्ही हिशोब पक्के केले.

आधी इंग्रजी लीप वर्ष, ते सोपं आहे. वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या, चारने भाग गेला की लीप, म्हणजे २०२४ होतं, पुढचं २०२८. फक्त शेवटी दोन शून्य आले तर थांबायचं, तिथे ४०० ने भाग जायला पाहिजे. १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसणार. हे कशासाठी, तर ऋतूंचा एक फेरा पूर्ण व्हायला ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं अन वर साधारण ४५ सेकंद असे लागतात. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरने पूर्ण ६ तास धरले अन दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला, त्याच्यात वर्षाला अकरा मिनिटं जास्त झाली, ती साठत साठत दहा दिवसांवर गेली. मंग १५८२ ला पोप ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर डायरेक्ट १५ ऑक्टोबर केला अन ४०० चा नियम लावला. आता ४०० वर्षांत ९७ लीप दिवस पडतात.

महिन्याच्या पगारवाल्याने २९ फेब्रुवारीला फार खुश होऊ नये, तो दिवस आपण फुकटच राबतो. रोजंदारीवाल्याला निदान रोज मिळतो.

आता ज्यांच्या घरात २९ फेब्रुवारीचं लेकरू आहे त्यांच्यासाठी. आमची भाची २०१६ ची, खरे वाढदिवस दोनच, २०२० अन २०२४ चा. जन्म झाला तेव्हा घरातल्या एका मोठ्या माणसाने सुचवलं होतं की दाखल्यावर १ मार्च लिहून घ्या, शाळेत कटकट नको. असं अजिबात करू नका. खरी तारीखच लिहा, कारण एका कागदावर २९ अन दुसऱ्यावर १ झालं की पुढे आधार, पासपोर्ट, मार्कशीट सगळीकडे चकरा. केक मधल्या वर्षी २८ ला कापायचा की १ ला हा घरचा प्रश्न. आमच्याकडे बहीण म्हणते फेब्रुवारी सुटायला नको म्हणून २८, दाजी म्हणतात दिवस पूर्ण व्हायच्या आधी कसला वाढदिवस म्हणून १ मार्च, मी सांगितलं तिथीने करा. २०१६ चं पंचांग काढा, त्या दिवशीची तिथी बघा, ती दरवर्षी येतेच येते. औक्षण तिथीला, केक जेव्हा परवडेल तेव्हा. भाचीने तिन्ही दिवस मागितले ही गोष्ट वेगळी.

मोरारजी देसाई पण २९ फेब्रुवारीचेच, १८९६ चे. आपलं खान्देश तेव्हा ज्या मुंबई राज्यात होतं त्याचे ते मुख्यमंत्री होते, नंतर पंतप्रधान. मधलं १९०० लीप नसल्यामुळे त्यांचा पहिला खरा वाढदिवस आठव्या वर्षी आला. ९९ वर्षं जगले अन २९ तारखेचे वाढदिवस भरतात फक्त २३.

त्या दिवसाच्या प्रथा म्हणाल तर त्या तिकडच्या. आयर्लंडमध्ये म्हणे त्या दिवशी बाईने पुरुषाला लग्नाचं विचारायचं, ग्रीसमध्ये लीप वर्षात लग्नच टाळतात, फ्रान्समध्ये १९८० पासून एक पेपर फक्त २९ फेब्रुवारीलाच निघतो. आपल्याकडे त्या तारखेला काहीच नाही, आपण एका दिवसात भागवत नाही, अख्खा महिना घालतो.

तो महिना काढायचा कसा, हे नीट समजून घ्या. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवस कमी, म्हणून २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला बसले अन २०२५ ला २७ ऑगस्टला. असंच चालू ठेवलं तर दिवाळी पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा. कोणता, तर घरातलं कॅलेंडर घ्या, दोन अमावस्यांवर पेनाने गोल करा, अन मधल्या दिवसांत सूर्याची संक्रांत पडते का बघा. संक्रांत म्हणजे फक्त मकर नाही बरं का, दर महिन्याला एक असते. मधे एकही नसली की तो अधिक. २०२६ चंच बघा, वृषभ संक्रांत १५ मेला होऊन जाते, अमावस्या त्याच्यानंतर, पुढची अमावस्या १५ जूनला सकाळी संपते अन मिथुन संक्रांत त्याच दिवशी काही तासांनी. मधला महिना कोरडा गेला, म्हणून १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. वटपौर्णिमा मंग पुढच्या, निज म्हणजे खऱ्या ज्येष्ठात, अन गणपती १४ सप्टेंबरवर.

एवढं नको असेल तर आप्पांचा शॉर्टकट घ्या, जुन्या वर्षात १९ मिळवायचे. १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात अन चक्र जवळपास परत तिथेच. २००१ चा अधिक आश्विन २०२० ला परत आला, २००४ चा अधिक श्रावण २०२३ ला, अन माझा २००७ चा अधिक ज्येष्ठ २०२६ ला, तारखा पण त्याच, १७ मे ते १५ जून. कधीकधी महिना एकाने सरकतो म्हणून हॉल बुक करण्याआधी पंचांग बघाच. मे-जूनमध्ये धोंडा आला की लग्नाचे मुहूर्त जातात, बँडवाले, मंडपवाले, आचारी सगळे त्याच्या आधीच फुल असतात.

आता जावयाचं वाण. लेक-जावयाला जोडीने बोलवायचं, तांब्याच्या ताटात ३३ अनारसे, वर दिवा, अन ते ताट जावयाच्या हातात द्यायचं. जाळीचा पदार्थ पाहिजे, म्हणून अनारसे नाही जमले तर बत्तासे चालतात. जेवणाला आपल्याकडे खापरावरचे मांडे, रशी, कुरडया, भजी, अन मे महिना असला तर आमरस, मंग जावई दुपारी उठतच नाही.

अनारसे मात्र आदल्या दिवशी सुचून होत नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदलायचं, नाहीतर उन्हाळ्यात वास मारतो. निथळून सावलीत कापडावर पसरा, हाताला दमट लागतील तेव्हाच दळा, पार वाळू देऊ नका. पिठाच्या वजनाइतका किंवा किंचित कमी गूळ किसून मळा, गोळे करून डब्यात चार-पाच दिवस ठेवा. थापताना खसखस खाली, तळताना खसखस वर, आच मंद, अन उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. तुपात अनारसा विरघळून पसरला म्हणजे तो हसला, मंग पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळा. सासूबाईंचे २००७ ला पहिले सात हसले होते, तरी ताटात ३३ मोजून भरले, ते सात आम्ही स्वयंपाकघरातच उभ्याने खाल्ले अन तेच जास्त चांगले लागले.

सोनं-चांदी, कपडे, हे ज्याने त्याने बघावं. आमच्याकडे एका वर्षी एका जावयाने अंगठीचं माप आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं, त्याला दिवा अन अनारसेच मिळाले, आता तो माप पाठवत नाही.

सासरे आता नाहीत. २०२६ चा फोन मेव्हण्याकडून, वाक्य तेच, "पाव्हणा, धोंड्याना महिना शे."