पावसाळ्यात एक दिवसाच्या ट्रेकची सॅक कशी भरायची

जून संपत आला की पुण्यात जिकडे तिकडे एकच विषय, या रविवारी कुठला गड. आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला हमखास एकच सल्ला मिळतो, सॅकवर रेनकव्हर चढव म्हणजे आतलं सगळं कोरडं राहील. नाही राहत. पंधराएक पावसाळे राजगड, तोरणा, लोहगड, तिकोना करतोय आणि दर वर्षी कोणीतरी वर पोचल्यावर सॅकमधून ओलागच्च टीशर्ट पिळून काढताना दिसतोच. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी सोप्या गोष्टी उरकतो.

सॅक २० ते २५ लिटरची पुरते, पट्टे रुंद हवेत आणि छातीवर क्लिप असली तर उत्तम. कॉलेजची लॅपटॉप बॅग नको, तिचे पट्टे ओले झाले की खांद्याला काचतात. पॅन्ट झटकन वाळणाऱ्या कापडाची, जीन्स अजिबात नाही, भिजली की ती जड होते आणि गुडघा वाकत नाही. बूट नवे कोरे घालून थेट गडावर जाऊ नका, आधी आठवडाभर तरी घालून फिरा. सोल रबरी आणि खाचा खोल हव्यात, ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घालून आमच्याकडे लोकांनी अख्खा सह्याद्री पालथा घातलाय, महागडेच बूट पाहिजेत असं काही नाही.

पाणी माणशी दोन लिटर, पावसाळ्यातसुद्धा. तहान कळत नाही पण रेनकोटच्या आत घामाच्या धारा लागलेल्या असतात. कात्रज ते सिंहगड करणार असाल तर तीन लिटरच्या खाली जाऊ नका, एकामागून एक टेकड्या येत राहतात आणि वाटेत भरवशाचं पाणी नाही. खायला पोळी-चटणीचा रोल, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की. भिजून लगदा होईल असं काही नको, म्हणजे ब्रेड नको. मीठ-साखरेची पुडी, स्वतःची औषधं, क्रेप बँडेज, शिट्टी, टॉर्च. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही हवाच कारण धुक्यात वाट चुकायला वेळ लागत नाही आणि एखाद्याचा पाय मुरगळला तर उतरायला दुप्पट वेळ जातो. भीमाशंकरच्या जंगलात जाणार असाल तर जळवांसाठी मिठाची पुरचुंडी वेगळी ठेवा. सेंट मारून जाऊ नका, कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात.

छत्री घरी ठेवा. राजगडाला गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढताना शेवटच्या टप्प्यात दोन्ही हात रेलिंगला लागतात, तिथे छत्री कुठे धरणार? पोंचोही मला पटत नाही. सॅकसकट अंग झाकतो हे खरं, पण माचीवर वारा सुटला की तो तोंडावर येतो आणि उतरताना स्वतःची पावलं दिसत नाहीत. साधा जाकीट-रेनकोट बरा.

आता मुख्य गोष्ट, आतलं सामान कोरडं ठेवणं. मला हे जमायला तीन पावसाळे लागले.

माझा पहिला जुलैमधला राजगड. सॅक चांगली होती, वर रेनकव्हर घट्ट बसवलेलं, त्यामुळे मी निवांत होतो. पाली दरवाज्याने चढलो, पद्मावतीच्या देवळात पोचलो आणि सॅक उघडली तर तळाला पाणी साठलेलं, कोरडे कपडे त्यात बुडालेले, पोळ्यांचा गोळा झालेला, मोबाईल बंद. आमच्यातला एक जण इतका कुडकुडायला लागला की त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. अंगावर घालायला कोणाकडेच कोरडा कपडा नव्हता. देवळाचा आडोसा होता आणि दुसऱ्या एका ग्रुपने त्यांचे दोन स्वेटर दिले म्हणून निभावलं. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की माणूस पुण्याच्या पावसातसुद्धा गारठून आजारी पडू शकतो, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून कोरडा कपडा मी औषधाइतकाच महत्त्वाचा मानतो.

पाणी शिरतं कुठून ते समजून घ्या. रेनकव्हर सॅकच्या पुढच्या बाजूला असतं, पाठीला टेकते ती बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी थेट त्या बाजूला जातं, तिथला फोम आणि पट्टे ते स्पंजसारखं पितात आणि शिलाईच्या भोकांतून ते हळूहळू आत झिरपतं. वर अजून एक, कव्हरच्या तळाला पाणी निघायला भोक नसेल तर तिथे पाणी तुंबतं आणि सॅक तासन्‌तास त्यात बसून राहते. म्हणजे कव्हर असूनही भिजते आणि कधीकधी कव्हरमुळेच भिजते. सॅक भिजणार हे धरूनच चालायचं, वाचवायचं ते आतलं.

त्यासाठी सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लागते. किराण्याची पातळ कॅरीबॅग चालत नाही, चावीचं टोक लागलं तरी फाटते. रविवार पेठेत बोहरी आळीत जाड प्लास्टिकच्या पिशव्या सुट्या मिळतात, सॅकच्या उंचीपेक्षा दीड वीत तरी जास्त लांब बघून दोन घ्या. ही जास्तीची लांबी फार महत्त्वाची आहे, तोंड नीट बंद करायला तीच कामाला येते.

पिशवी सॅकमध्ये उघडी बसवा, तिच्या आत सामान भरा. तळाला कोरडा टीशर्ट, पॅन्ट, मोजे, पातळ टॉवेल, त्यावर स्वेटर. मग हलक्या हाताने दाबून हवा काढा. आता पिशवीचं तोंड गोळा करून दोरीसारखा पीळ द्या, पिळलेला भाग मधोमध दुमडून खाली वळवा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर दोन-तीन वेढे घालून बसवा. गाठ मारायची नाही. गारठलेल्या ओल्या बोटांनी गाठ सुटत नाही, माणूस वैतागून पिशवी फाडतो आणि परतीच्या वाटेवर काहीच उरत नाही. नुसतं तोंड दुमडून वर सामान ठेवणं हेही चालत नाही, मी दोन वर्षं तेच केलं आणि दोन्ही वर्षं भिजलो.

दुसरी पिशवी रिकामी घडी करून ठेवा, खाली आल्यावर ओले कपडे तिच्यात. एसटीने किंवा मळवलीवरून लोकलने येत असाल तर शेजारचा माणूस दुवा देईल.

वाटेत लागणारी एकही वस्तू आतल्या पिशवीत ठेवायची नाही. या नियमावर मी हटूनच बसतो. डबा, पाणी, टॉर्च, मिठाची पुडी, शिट्टी पिशवीच्या बाहेर किंवा वरच्या कप्प्यात. लोक पिशवी नीट बांधतात आणि मग लाडू काढायला भर पावसात उघडतात, सगळी मेहनत तिथेच संपते. मोबाईल, गाडीची चावी आणि थोड्या दहा-वीसच्या नोटा एका झिप पाऊचमध्ये, रेनकोटच्या आतल्या खिशात. नोटा लागतातच, गडावर रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि भाजी-भाकरी देणाऱ्या मावशींना ताटकळत ठेवणं बरं नाही.

आणि हे सगळं केल्यावर आदल्या दिवशी बाथरूममध्ये तपासा. पिशवीत कपड्यांऐवजी जुने पेपर कोंबा, सॅक बंद करा, शॉवरखाली दहा मिनिटं ठेवा, पाठीच्या बाजूने जास्त वेळ. मग उघडा. पेपरला जरासुद्धा पाणी लागलं तरी लगेच कळतं, कुठल्या बाजूने आलं तेही कळतं. घरी दहा मिनिटं जातात, पण तोरण्यावर मेंगाईच्या देवळात बसून ओला स्वेटर पिळायची वेळ येत नाही.

कोरडा टीशर्ट चढताना घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तो पुन्हा पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी घालायचा, म्हणजे देवळात, गुहेत किंवा खाली गाडीत. जेवायला थांबलात तर ओला काढून कोरडा घाला आणि निघताना परत ओलाच चढवा. नकोसं वाटतं, पण पाच मिनिटं चाललं की अंग तापतं आणि कोरडा कपडा अडीअडचणीला शिल्लक राहतो.

घरी आल्यावर सॅक तशीच कोपऱ्यात टाकू नका. सगळे कप्पे उघडून ती उलटी टांगा, पंख्याखाली दोन दिवस तरी. प्लास्टिकची पिशवी उलटी करून पुसा, उजेडात धरून बारीक भोकं बघा आणि भोक दिसलं तर पुढच्या रविवारच्या आधी नवी आणा.