ऑफिसात कुणाशी वाजलं तर काय करायचं
पहिलं म्हणजे रागात मेल पाठवू नका, टाईप केलाच तर टू मध्ये कुणाचं नाव टाकू नका, पडू दे ड्राफ्टमध्ये. हिंजवडीला असताना माझं एका टेस्टिंगवाल्याशी दोन महिने वाजत होतं, मला वाटायचं हा मुद्दाम रिलीजच्या (सॉफ्टवेअर बाहेर द्यायच्या) आदल्या रात्री बग म्हणजे चुका काढतो, शेवटी टपरीवर चहा घेताना कळलं की त्याला बिल्डच, म्हणजे तपासायची सॉफ्टवेअरची तयार प्रत, संध्याकाळी सहानंतर मिळायचा! म्हणजे भांडण माणसांचं नव्हतंच, वेळेचं होतं.

तर आधी नेमकं कुठं अडतंय ते बघा. मग ज्याच्याशी वाजलंय त्याला एकट्याला गाठा, ग्रुपवर नको, आणि "तू नेहमी असंच करतोस" ऐवजी "मंगळवारी बिल्ड उशिरा आला, माझे तीन तास गेले" असं बोला. पुणेरी टोमणा जिभेवर येतोच, गिळा. जे ठरेल ते दोन ओळींच्या मेलवर टाका.

थॉमस आणि किलमन या अमेरिकी व्यवस्थापन अभ्यासकांनी १९७४ मध्ये भांडण हाताळायच्या पाच तऱ्हा मांडल्या: अडून बसणं, नमतं घेणं, टाळणं, तडजोड, मिळून मार्ग काढणं. एसी किती ठेवायचा असल्या वादात टाळलेलं बरं, उगाच शक्ती घालवू नका.

दोनदा बोलूनही फरक नाही तर मॅनेजरकडे जा, कधी काय झालं त्या तारखांसकट. पण बाईचा लैंगिक छळ असेल तर हे समजुतीचं प्रकरण नाहीच, २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती लागतेच, तिथं ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या.