कोपेपॉडची बाटली गच्च भरली, पण पिल्लं कुठे आहेत? या चुका टाळा

बाटली उजेडासमोर धरली की आत नुसती लगबग दिसते. कोपेपॉड, म्हणजे माशांच्या पिल्लांना खायला घरी वाढवलेले कोळंबीच्या वर्गातले बारीक जीव, केशरी ठिपक्यांसारखे काचेवरून सरपटतायत, कल्चर झकास चाललंय असं वाटतं. मग क्लाऊनफिशची अंडी फुटतात, आपण पाणी गाळतो, आणि जाळीवर येतात ती सगळी मोठीच. माशाच्या पिल्लाच्या तोंडात मावेल असं काहीच नाही. मुंबईत घरी समुद्री मासे पाळणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. माझ्या घरीही हे झालंय, आणि त्यात माशांची अख्खी वीण गेली.

कारण बहुतेक वेळा गर्दी. गर्दीत कोपेपॉड लगेच मरत नाहीत, आधी त्यांची वीण मंदावते. मादीच्या वाट्याला शेवाळ कमी येतं, अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो, आणि अंडी कमी होतात. मोठी मात्र टिकून राहतात, म्हणून बाटली भरलेली दिसते.

मोठी मोजू नका

बाटली हलकेच ढवळून 10 मिली पाणी पांढऱ्या बशीत घ्या आणि भिंगाखाली पाहा. नॉप्ली, म्हणजे नुकती फुटलेली पिल्लं, झटके देत पुढे सरकतात. एकदा नजर बसली की चुकत नाहीत. माझा ठोकताळा साधा आहे: नॉप्ली मोठ्यांपेक्षा कमी दिसली की त्याच दिवशी काढणी. टिग्रिओपस या कोपेपॉडच्या मादीच्या शेपटीशी अंड्यांची पिशवी लटकलेली असते, तीही मोजा. जोड्या पाहून खूश होऊ नका. टिग्रिओपसचा नर वयात न आलेल्या मादीला धरून बसतो, कधी कधी कित्येक दिवस. त्या जोडीतून अंडी यायला अजून अवकाश असतो.

सगळ्या जातींना एकच माप लावू नका

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. टिग्रिओपस तळाशी आणि भिंतींवर राहणारा, दाटीत बराच तग धरणारा. त्याला उंच बाटलीपेक्षा पसरट ट्रे मानवतो, कारण त्याची जागा म्हणजे पृष्ठभाग, लिटर नव्हे. अकार्टिया ही दुसरी जात मात्र पाण्यात तरंगणारी. एका मिलीला एक-दोन मोठ्यांच्या वर गेलात की अडचण सुरू होते. तिची मादी पिशवी बाळगत नाही, अंडी सुटी सोडते. ती तळाशी जातात, आणि दाटीत मोठे कोपेपॉड आपलीच अंडी आणि नॉप्ली खातात. जितकी गर्दी, तितकी गाठ पडण्याची शक्यता जास्त. शिवाय तळाच्या गाळात प्राणवायू संपला की उरलेली अंडीही फुटत नाहीत.

म्हणून अकार्टियाचा तळ रोज सायफनने ओढा. ते पाणी आधी 180 मायक्रॉनच्या जाळीतून सोडा, मोठी वर अडकतील. मग 50 मायक्रॉनची जाळी, तिच्यावर अंडी राहतील. ती स्वच्छ समुद्री पाण्यात, पंपाची हवा हलकीच सोडून वेगळी ठेवा. मुंबईच्या तापमानाला एक-दोन दिवसांत नॉप्ली दिसू लागतात. हे एवढं काम रोज केलंत तर अर्धा प्रश्न सुटतो.

गर्दी वाढली म्हणून खाणं वाढवू नका

न खाल्लेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि उरलेला प्राणवायूही खातं. बाटलीमागे धरलेलं बोट पुसटसं दिसेल इतकंच हिरवं पाणी पुरे. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात गॅलरीतल्या बाटलीवर तर जास्तच लक्ष हवं: गरम, खारट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, आणि बाष्पीभवनाने खारटपणा चढत जातो. घटलेलं पाणी भरताना आरओचं गोडं पाणी घाला, समुद्री नको. नळाचं थेट अजिबात नको, त्यात क्लोरीन असतं.

माशांच्या खाण्यासाठी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव, वाढवत असाल तर आणखी एक खूण ओळखून ठेवा. वडाळ्याच्या मिठागरांतूनही नोंदला गेलेला हा जीव बरी परिस्थिती असली की जिवंत पिल्लं देतो. खारटपणा चढला, प्राणवायू घटला की कवचबंद अंडी घालू लागतो. ती तपकिरी पूड पाण्याच्या कडेला जमते, आणि लोक ती घाण समजून फेकतात. ती सिस्ट असतात. धुऊन, वाळवून जपून ठेवा, आणि टाकीतलं पाणी त्याच दिवशी तपासा.

बाटली आधीच तुंबली असेल तर सगळं पाणी एकदम बदलू नका. तिचे तीन भाग करा, प्रत्येकात त्याच खारटपणाचं, त्याच तापमानाचं पाणी दोन-तीन टप्प्यांत घाला, खाणं दोन दिवस निम्मं ठेवा. टिग्रिओपस असेल तर त्यानंतर दर आठवड्याला पाव भाग काढत राहा, माशांना लागो न लागो. आठ दिवसांनी पुन्हा बशी घ्या, 10 मिली पाणी काढा, आणि आधी पिशवीवाल्या माद्या शोधा.