प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णासाठी विषाणुरोधक औषधे: कोकणातल्या घरांनी आधी करून ठेवायची तयारी

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे किंवा एचआयव्हीसह जगणारे रुग्ण आज कोकणातल्या अनेक गावांत आहेत. त्यांचे तज्ज्ञ डॉक्टर मात्र बहुधा मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला असतात. विषाणुरोधक औषधांचा उपयोग बऱ्याच अंशी आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांवर अवलंबून असतो, आणि आपल्याकडे नेमके तेच दिवस ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणण्यात आणि प्रवासात निघून जातात. कोणती गोळी द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. पण तो निर्णय फोनवर काही मिनिटांत घेता येईल एवढी माहिती हाताशी ठेवणे हे घरच्यांचे काम आहे.

घाई का करायची, हे आधी समजून घ्यावे. यांतली बहुतेक औषधे विषाणूला थेट मारत नाहीत, तर पेशीत शिरलेल्या विषाणूची वाढ रोखतात. उरलेला विषाणू निपटून काढण्याचे काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. ती दुबळी असेल तर विषाणू जास्त दिवस वाढत राहतो, म्हणून औषध लवकर सुरू करावे लागते आणि पुष्कळदा जास्त दिवस चालवावे लागते.

कागद आणि साठा

एका कागदावर रुग्णाचे वजन, मूळ आजार, प्रत्यारोपण किंवा केमोथेरपीच्या तारखा, चालू असलेली प्रत्येक गोळी व तिची मात्रा, औषधांची अ‍ॅलर्जी आणि शेवटच्या तपासणीतले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम किती चालते हे सांगणारा रक्तातला आकडा), पांढऱ्या पेशी व यकृताचे आकडे लिहून ठेवावेत. यांत क्रिएटिनिन सर्वांत महत्त्वाचे, कारण यांतली अनेक औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि मूत्रपिंडाचे काम मंद असेल तर नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. नियमित तपासणीला जाल तेव्हा तज्ज्ञांना स्पष्ट विचारावे, की नागीण उठली तर काय करायचे, फ्लू झाला तर काय, घरातल्या मुलाला कांजिण्या आल्या तर काय, आणि रात्री फोन कोणाला करायचा. उत्तरे लिहूनच घ्यावीत.

जवळच्या बाजारपेठेतल्या मेडिकलवाल्यांकडे नागिणीवरचे व्हॅलासायक्लोव्हिर आणि फ्लूवरचे ओसेल्टामिविर असते का, हेही पावसाळ्यापूर्वीच पाहून ठेवावे. रोजच्या औषधांचा थोडा जास्तीचा साठा मृग लागण्याआधी घरात असावा, कारण दरड कोसळून घाट किंवा रेल्वे बंद पडली तर मुंबईहून येणारे औषध वाटेतच अडकते. गोळ्या मूळ पाकिटातच, कोरड्या जागी ठेवाव्यात. पावसाळ्यातल्या दमट हवेत सुट्या गोळ्या लवकर खराब होतात.

ताप आला तर

१००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; केमोथेरपी चालू असेल तर थेट रुग्णालय गाठावे. स्टेरॉइड घेणाऱ्यांत ताप दबून राहतो, त्यामुळे नुसता गळाठा, धाप किंवा जेवण तुटणे हेसुद्धा लक्षण मानावे. मात्र प्रत्येक ताप विषाणूचा नसतो. भातलावणीच्या दिवसांत आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिस होतो. तो जिवाणूंमुळे होतो आणि त्याला प्रतिजैविकच लागते. दोडामार्ग-सावंतवाडी भागात आढळलेला माकडताप विषाणूजन्य आहे, पण त्याच्यावर खात्रीचे विषाणुरोधक औषध नाही. घरातली उरलेली गोळी अंदाजाने सुरू केली तर खरे निदान लांबते, म्हणून रक्ताची तपासणी टाळू नये.

नागीण आणि कांजिण्या

नागिणीबद्दल मला विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की एका तंतूच्या वाटेने, शरीराच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठवतो. दोन टोके जुळली की माणूस दगावतो, या समजुतीने लोक उतारा, मंत्र आणि लेप यांत तीन-चार दिवस घालवतात. पट्ट्याची टोके जुळण्याला काहीच अर्थ नाही. खरा धोका असतो तो पट्टा सोडून अंगावर इतरत्र फोड येण्याचा, आणि तो प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाच अधिक असतो.

औषध शक्यतो फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हावे. मूत्रपिंडे ठीक असलेल्या प्रौढाला सामान्यतः व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा ७ दिवस, किंवा अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा ७ ते १० दिवस देतात. हे आकडे केवळ चिठ्ठी समजावी म्हणून दिले आहेत. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मात्रा कमी करावीच लागते. ७२ तास उलटून गेले तरी अशा रुग्णाने औषध सोडून देऊ नये. नवे फोड येत असतील तर ते तरीही देतात आणि बहुधा सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत चालू ठेवतात. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, अंगभर पसरले, किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर देण्यासाठी रुग्णालयात दाखल करावे.

गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्यावे, कारण अ‍ॅसायक्लोव्हिरचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात; ज्यांना पाण्याचे बंधन घातलेले आहे त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पाण्याऐवजी शहाळी देत सुटू नये. शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचे किंवा टॅक्रोलिमस (प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते औषध) घेणाऱ्याचे पोटॅशियम आधीच वाढलेले असू शकते. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये. त्यांनी मूत्रपिंडावरचा ताण वाढतो.

घरात कोणाला कांजिण्या आल्या, तर रुग्ण ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी फोन करावा. ज्या रुग्णाला पूर्वी कांजिण्या आलेल्या नाहीत आणि लसही झालेली नाही, त्याला विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) किंवा प्रतिबंधक गोळ्या देता येतात. इम्युनोग्लोब्युलिन संपर्कानंतरच्या पहिल्या चार दिवसांत दिलेले उत्तम, दहाव्या दिवसानंतर त्याचा उपयोग नाही.

फ्लू

गणपतीत चाकरमानी येतात, घरे भरतात आणि सर्दी-खोकलाही फिरतो. फ्लूवरचे ओसेल्टामिविर ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. प्रौढांना नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस असते, आणि तीही मूत्रपिंड पाहून ठरते. अशा रुग्णांत तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता आणि उशीर झाला तरीही डॉक्टर ते सुरू करतात.

औषधांचे एकमेकांशी न पटणे

कोविडवरच्या निर्मात्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर या जोडीतले रिटोनाव्हिर टॅक्रोलिमस आणि त्याच कामाचे सायक्लोस्पोरिन यांची रक्तातली पातळी धोकादायकरीत्या वाढवते. म्हणून प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राला विचारल्याशिवाय ही जोडी घेऊ नये. पपनसानेही टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याचे आढळले आहे, तेव्हा माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीला) बांधलेले पपनस या रुग्णाला देऊ नये. गुळवेलीचा काढाही नको. कोविडकाळात तो घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्यांनी ते मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम असलेल्या आम्लपित्ताच्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही, त्या उपाशीपोटी घेत असल्यास, हेच अंतर लागते.

जास्त दिवस चालणारी औषधे

प्रत्यारोपणानंतर सायटोमेगॅलो विषाणूपासून बचावासाठी अनेकांना काही महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर देतात. ते जेवणाबरोबर, अख्खेच गिळावे. तुटलेल्या गोळीला गरोदर स्त्रीने हात लावू नये. या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, विशेषतः सोबत मायकोफेनोलेट (प्रत्यारोपणानंतरचे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) असेल तर. म्हणून रक्ततपासणी ठरलेल्या दिवशीच करावी, आणि आकडा उतरला तरी गोळी स्वतःहून कमी करू नये.

हिपॅटायटिस बी अनेकांच्या शरीरात गुपचूप असतो आणि केमोथेरपी किंवा रितुक्सिमॅबमुळे (काही कर्करोगांवर व संधिवातावर देतात ते इंजेक्शन) उसळून यकृत निकामी करू शकतो. त्यामुळे हे उपचार सुरू होण्यापूर्वी त्याची तपासणी झाली आहे ना, हे नक्की विचारावे. गरज पडल्यास एन्टेकाव्हिर उपाशीपोटी, किंवा टेनोफोव्हिर देतात. केमोथेरपी संपली म्हणून ही गोळी बंद करू नये. ती पुढेही अनेक महिने, रितुक्सिमॅबनंतर तर किमान एक ते दीड वर्ष, चालू ठेवावी लागते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत; कोणत्या केंद्रावर मिळतील, हे जिल्हा रुग्णालयात विचारावे.