जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी: चित्र कुठे अडतंय ते आधी बघा

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये, पिंपळगाव-लासलगावच्या आडत दुकानांत कोअर 2 ड्युओचे पीसी अजून रोजचं काम करतात. विंडोज जड झालं की त्यांच्यावर मिंट किंवा डेबियन हे लिनक्सचे प्रकार टाकले जातात आणि तिथे कधी कधी स्क्रीन काळी पडते. लगेच पुन्हा इन्स्टॉल करू नका. यंत्र तेच, ड्रायव्हर तोच, म्हणजे अडचणही तीच राहणार. चित्र नेमकं कोणत्या क्षणी जातं ते पाहिलं की निम्मं काम होतं.

(आदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. मोठी लागतील तिथे तसं सांगितलं आहे.)

मदरबोर्डचा लोगोच दिसत नाही. मग लिनक्सचा काही संबंध नाही. पॉवरची वायर काढा, रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसेपर्यंत दाबा. पावसाळ्यानंतर, विशेषतः पीसी दोन-तीन महिने बंद पडून असेल तर, एवढ्यानेच बरेच पीसी सुरू होतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावलेली आहे ना, ते बघा. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सीआर2032 सेल बदला. सेल उतरला की बायोसच्या (मदरबोर्डमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग पुसल्या जातात आणि चित्र कोणत्या कार्डातून बाहेर काढायचं हेही त्यात आलं.

लोगो येतो, ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू येतो आणि मग अंधार. सगळ्यात जास्त केसेस इथल्याच. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना ग्राफिक्सचा ताबा स्वतः घेतो आणि रिझोल्यूशन बदलतो. इंटेलसाठी आय915, जुन्या एएमडीसाठी रेडिऑन, एनव्हिडियासाठी नूवो हे ड्रायव्हर हे काम करतात. ते चुकले की चित्र गेलं.

सुरू होताना शिफ्ट दाबून धरा (बायोसऐवजी नवं यूईएफआय असेल तर एस्केप), म्हणजे ग्रब दिसेल. ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, क्वाएट स्प्लॅश (किंवा नुसतं क्वाएट) या शब्दांनंतर एक जागा सोडून, नो-मोड-सेट हे तीन शब्द सलग, मध्ये जागा किंवा रेघ न देता टाइप करा. मग एफ10. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. आता चित्र आलं, भले 1024 × 768 मध्ये, तर दोष ड्रायव्हरकडे आहे हे पक्कं झालं.

इथेच थांबून तो शब्द कायमचा ठेवू नका. ही चूक फार होते. त्याने ग्राफिक्स चिपचा वेग हातचा जातो, व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि रिझोल्यूशनही बदलता येत नाही. ही फक्त आत शिरायची वाट आहे.

आत गेल्यावर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, जागा, वजा के असा आदेश द्या आणि व्हीजीएची ओळ शोधा. रेडिऑन असेल आणि डेबियन 12 च्या आधीचं टाकलेलं असेल तर चिपला लागणारं फर्मवेअर बहुधा नसतं. फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाका. एनव्हिडियाचं 8400 किंवा 9400 असेल तर कंपनीच्या 340 मालिकेच्या ड्रायव्हरमागे लागू नका, त्याचा आधार 2019 मध्येच संपला. एनव्हिडियाची पॅकेजेस पूर्ण काढा आणि नूवोला काम करू द्या. ईटीसीमधल्या एक्स11 फोल्डरात (यातला एक्स मोठा) जुनी एक्सऑर्ग.कॉन्फ उरली असेल तर तिचं नाव बदलून ठेवा. आजच्या एक्सऑर्गला (स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला) ती लागत नाही, उलट त्या फाइलमुळे तो नसलेल्या ड्रायव्हरच्या शोधात अडकतो.

इंटेलची गंमत वेगळी आहे. 945 चिपसेट आणि अॅटमच्या बोर्डांवर कर्नलला कधी कधी नसलेली दुसरी स्क्रीन दिसते आणि मांडणी त्या स्क्रीनच्या मापाने होते. आता नो-मोड-सेट न लावता पीसी सुरू करा आणि अंधारातच कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून बघा. तिथेही काही दिसत नसेल तर दुसऱ्या पीसीवरून एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) आत या. सिस, त्यात क्लास, त्यात डीआरएम या फोल्डरात प्रत्येक जोडणीचं एक फोल्डर असतं आणि त्यात स्टेटस नावाची फाइल. केबल फक्त व्हीजीए-1 ला आहे, पण एलव्हीडीएस-1 किंवा एसव्हिडिओ-1 समोरही ‘कनेक्टेड’ येतंय, तर चोर सापडला. ग्रबच्या त्याच ओळीत व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, जोडणीचं नाव (कार्ड0 आणि त्यापुढची रेघ वगळून, मोठ्या अक्षरांत), कोलन आणि डी असं सलग लिहा. लॅपटॉपवर एलव्हीडीएस ही खरीच स्क्रीन असते, ती बंद करू नका. जमलं की ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरातली ग्रब ही फाइल उघडा, क्वाएट असलेल्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत हेच घाला आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा.

पासवर्ड दिला की पुन्हा पासवर्डच मागतो. हा ग्राफिक्सचा दोष सहसा नसतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून लॉगिन करा. डीएफ, जागा, वजा एच: होम असलेलं पार्टिशन 100 टक्के भरलेलं दिसलं तर जागा मोकळी करा. जागा असेल तर होममधली .एक्सऑथॉरिटी (यातला फक्त एक्स मोठा) बघा. मालक म्हणून तुमच्याऐवजी रूट (मुख्य अॅडमिन) दिसत असेल तर कोणीतरी सुडो लावून स्क्रीन सुरू केली होती. ती फाइल काढून टाका, नवी आपोआप बनते.

सगळं चालतं, पण रिझोल्यूशन 1024 × 768 च्या वर जात नाही. आधी केबल बदला. मॉनिटर आपली माहिती 128 बाइटांत पाठवतो आणि व्हीजीएत ती 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून येते. स्वस्त केबलमध्ये किंवा स्प्लिटरमध्ये या तारा नसतात, मग लिनक्सला मॉनिटरचं माप कळत नाही. 9 नंबरची पिन नसणं मात्र नेहमीचं, त्याने घाबरू नका.

केबल बदलूनही फरक पडला नाही तर माप हाताने द्या. टर्मिनलमध्ये सीव्हीटी 1366 768 हा आदेश दिला की उत्तर 1368 चं येतं, कारण हे सूत्र रुंदी 8 च्या पटीत धरतं. तेच वापरा आणि कडा कापल्या गेल्या तर मॉनिटरचं ऑटो बटण दाबा. उत्तरातला मोडलाइन शब्दानंतरचा सगळा मजकूर एक्सरँडर या आदेशाच्या न्यूमोड या पर्यायाला द्या, मग अॅडमोडने व्हीजीए-1 ला जोडा, शेवटी आउटपुट आणि मोडने लावा. वेलँडमध्ये (एक्सऑर्गच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीत) हे चालत नाही, लॉगिनच्या वेळी एक्सऑर्गचं सेशन निवडा. तिन्ही ओळी होममधल्या .एक्सप्रोफाइल फाइलमध्ये ठेवल्या की दर वेळी टाइप कराव्या लागत नाहीत.