स्मार्ट होम करायच्या आधीची तयारी (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी)

ऑफर दिसली म्हणून फोनवरून चालणारे चार रंगीत स्मार्ट बल्ब मागवायच्या आधी घरातला एक बोर्ड खोलून बघा, म्हणजे वायरमनला बोलवून, मेन बंद करून. निम्मी तयारी त्या बोर्डाच्या मागंच असते आणि नेमकी तीच कोण करत नाही. स्विचच्या मागं बसणारं जे स्मार्ट मोड्यूल असतंय त्याला स्वतःला चोवीस तास जागं राहायला करंट लागतो, म्हणून बहुतेक मोड्यूलना फेजबरोबर (करंट आणणारी वायर) न्यूट्रलपण (करंट परत नेणारी) पाहिजे. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथं न्यूट्रल आलेलीच असते, पण जिन्यातला, बाथरूमबाहेरचा, पडवीतला नुसत्या बटणांचा छोटा बोर्ड असतो ना, तिथं बऱ्याचदा फेज येऊन तशीच बल्बकडं गेलेली असते. शहापूर-वडगावातली जुनी घरं म्हणा किंवा खानापूरकडची चिऱ्याची घरं म्हणा, आजोबांच्या वेळचं वायरिंग, त्यावर वडिलांनी वाढवलेलं, त्यावर आपण परत टेप मारलेला, तिथं काळी वायर म्हणजे न्यूट्रल असं धरून चालूच नका. लाल संपली म्हणून काळी ओढलेली असते, मल्टीमीटर लावूनच ठरवायचं. एक गंमत म्हणजे जुन्या लाकडी बोर्डाच्या मागं भरपूर जागा असते, मोड्यूल आरामात बसतंय, आणि नवीन चकचकीत मॉड्युलर बोर्डाचा भिंतीतला बॉक्स एवढा उथळ असतो की वायरी कोंबता कोंबता जीव जातो. तेवढ्यातच अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते बघून घ्या, आणि मेनजवळ ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा स्विच) नसेल तर ती आधी बसवा, स्मार्टचं मग बघू.

घर नवीन बांधताय? मग तुमचं नशीब चांगलं आहे, फक्त स्लॅब आणि गिलाव्याच्या आधी बोला, नंतर भिंत फोडायला गवंडी तयार असतो पण घरातले तयार नसतात. प्रत्येक स्विच बॉक्सला न्यूट्रल, बॉक्स खोल घ्यायचे, गेटजवळ आणि मागच्या दारी कॅमेऱ्यासाठी रिकामा पाईप, वरच्या मजल्यावर लॅन केबलचा एक पाईप, टाकीपासून खाली मोटरच्या पॅनेलपर्यंत एक पाईप, आणि राउटरचा पॉइंट घराच्या मधोमध, टीव्हीच्या मागं कोपऱ्यात नको. पाईप रिकामा राहिला तरी काय बिघडत नाही.

वायफायचं आता. बहुतेक स्वस्त स्मार्ट वस्तू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. राउटर दोन्ही बँड एकाच नावानं देत असेल तर जोडणी करताना अडकायला होतं, म्हणून २.४ चं नाव वेगळं करून घ्या किंवा तेवढ्या वेळेपुरतं ५ बंद ठेवा. नाव आणि पासवर्ड काय तो एकदाच विचार करून ठेवा, कारण नंतर पाहुण्यांना दिला म्हणून पासवर्ड बदलला की घरातली एकेक वस्तू रीसेट करत बसावं लागतंय. राउटरचा मूळ अॅडमिन पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदलायचा, आणि राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर सगळे बल्ब-प्लग तिकडं टाका, बँकेचं अॅप असलेला फोन एकीकडं आणि कुठल्या कंपनीचा माहीत नाही तो बल्ब दुसरीकडं. चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल जात नाही हे गृहीत धरा. खरेदीच्या आधी फोन घेऊन परसात, माडीवर, गच्चीत फिरून बघा कुठं किती कांड्या येतात, जिथं येत नाही तिथं आधी दुसरा पॉइंट करा. दहा-बारा वस्तूंपर्यंत वायफायवर भागतंय, त्याच्या पुढं जायचं असेल तर झिगबीचा (वायफायपेक्षा वेगळी, कमी करंटवर चालणारी वायरलेस पद्धत) हब घ्या, नाहीतर मॅटरचा (वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकांशी जुळाव्यात म्हणून केलेलं स्टँडर्ड) शिक्का बघून वस्तू घ्या. मॅटर २०२२ च्या ऑक्टोबरात आलं, त्याला घरात एक कंट्रोलर लागतो, पण फायदा असा की कमांड घरातल्या घरात फिरते, बाहेरचं नेट बंद असलं तरी काम चालतंय.

आणि नेट बंद पडणारच. मे महिन्यात वळीव आला की लाईट जाते, जांबोटी-कणकुंबीकडं तर पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की किती वेळ जाईल सांगता येत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच लाइनवर घ्या (नुसता राउटर घेऊन उपयोग नाही, हे पुष्कळ जण विसरतात), नसेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो. विजा कडाडायला लागल्या की राउटरचा प्लग काढायची जुनी सवय सोडू नका. आणि बल्ब घेताना एक गोष्ट विचारूनच घ्या, लाईट जाऊन आल्यावर तो कुठल्या अवस्थेत येतो. काही बल्ब लाईट आली की सरळ पूर्ण उजेडात पेटतात, रात्री तीनला लाईट आली की सगळं घर उठून बसतंय. अॅपमध्ये 'आधी होता तसाच' अशी सोय असेल तरच घ्या.

माझं विचाराल तर पहिला पैसा बल्बवर घालूच नका, पाण्यावर घाला. आपल्याकडं नळाला पाणी आलं की मोटर चालू, टाकी भरून गच्चीवरून धबधबा सुरू झाला की मग कुणीतरी ओरडणार. टाकीत लेव्हल सेन्सर आणि खाली मोटर आपोआप बंद, एवढं एकच केलं तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा या भानगडीवर विश्वास बसतो. पण मोटर कधी स्मार्ट प्लगवर लावू नका, एक एचपीची मोटर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, प्लगच्या आतला रिले (करंट जोडणारं-तोडणारं छोटं बटण) चिकटून बसतो आणि मग बंद म्हटलं तरी बंद होत नाही. मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा, कॉइलवर चालणारा स्विच) किंवा स्टार्टर पाहिजेच, स्मार्ट वस्तूनं फक्त त्याची कॉइल चालू-बंद करायची. बोअर असेल तर ड्राय रनचं (पाणी नसताना मोटर कोरडी चालण्याचं) संरक्षणपण.

गिझरचंही तसंच, आकडा बघा. २३० व्होल्टला ६ अँपचा प्लग म्हणजे जेमतेम १,३८० वॉट, आणि गिझर २,००० चा, इन्स्टंटवाला ३,००० चा. त्याला १६ अँपचाच पाहिजे. टायमर लावला की फायदा चांगला होतो, दोन हजारचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट झालं, विसरून दोन तास राहिला तर थर्मोस्टॅट मध्ये मध्ये तोडत असला तरी पाणी गार होईल तसा परत परत ओढत राहतो. हेस्कॉमचं बिल काढून समोर ठेवा. २०२३ च्या जुलैपासून गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) २०० युनिटची मर्यादा आहे, तुम्ही त्या कडेला असाल तर स्मार्ट वस्तूंचा बसल्या बसल्या खर्चपण मोजा. एक वस्तू अर्धा ते एक वॉट खाते, अशा वीस वस्तू म्हणजे महिन्याला सात ते चौदा युनिट, काही न करता.

बल्ब की स्विच यावर फार डोकं घालू नका, एकत्र कुटुंब असेल तर स्विच. स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या बटणानं बंद केला की मेलाच, आणि आई बटणच दाबणार, तिनं का म्हणून फोन शोधायचा? फॅनला मात्र फॅनचंच मोड्यूल लागतं, जुना रेग्युलेटर काढून. बीएलडीसी फॅन (कमी वीज खाणारा, रिमोटवाला) असेल तर तो रेग्युलेटरवर लावायचाच नसतो, त्याचा रिमोट आयआरचा असेल तर तो आयआर ब्लास्टरला (रिमोटचे सिग्नल सोडणारी डबी) शिकवा, टीव्हीचापण शिकवा, फक्त ब्लास्टर त्याच खोलीत ठेवायचा कारण आयआर भिंतीतून जात नाही. अंगणातल्या लाईटला ठरलेली वेळ देऊ नका, सूर्यास्त लावा, आपल्याकडं थंडीत सहाच्या आसपास अंधारतं आणि जूनमध्ये सात वाजून जातात. बाहेरची वस्तू आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) तरी असू दे. कॅमेरा लावताना समोरच्यांचं दार त्यात येत नाही ना बघा, गल्लीत घराला घर लागून असतंय, वर्षानुवर्षांचे संबंध एका कॅमेऱ्यापायी कशाला बिघडवायचे.

अकाउंट कुणाच्या नावावर हे आधी ठरवा. पुण्या-बेंगळुरूला असलेला मुलगा सुट्टीत येतो, सगळं आपल्या फोनवर जोडतो आणि निघून जातो, मग इथं बाबा फोन करून 'हॉलची लाईट लाव रे' म्हणणार. घराचा वेगळा ईमेल काढा, टू-स्टेप चालू करा, तो कोड येणारा नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा द्या, आणि बाकीच्यांना अॅपमधून मेंबर करा. अलेक्साला इंग्रजी आणि हिंदी समजतं, तेव्हा खोल्यांना तिला कळतील अशी साधी नावं द्या, आजीकडून एकदा म्हणवून बघा आणि मगच नाव पक्कं करा.

वायरमनला कधी बोलवायचं तर गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून. त्या दिवसात तो मंडळांच्या लाइटिंगमध्ये असतो, 'उद्या येतो' म्हणेल आणि अनंत चतुर्दशीनंतर येईल. तोवर वायफायचं आणि अकाउंटचं तेवढं उरकून घ्या.